शेवटच्या फर्म्याची घाई

छापखान्याच्या बाइंडिंगच्या खोलीत त्यांना सगळे ‘पुढेकाय काकू’ म्हणत. हे नाव त्यांनी कष्टाने कमावलेलं होतं. लहानपणी आई गोष्ट सांगता सांगता जांभई द्यायला थांबली, तरी त्यांचं सुरू व्हायचं, मग पुढे काय? लग्नानंतर नवऱ्याने एकदा त्याच्या कचेरीतलं भांडण रंगवून सांगायला घेतलं आणि साहेब खुर्चीवरून उठले इथपर्यंत येऊन तो घोरायला लागला. काकूंनी त्याला गदागदा हलवून जागं केलं आणि साहेबांनी उठून काय केलं ते ऐकल्यावरच झोपू दिलं. बिचारा फार दिवस टिकला नाही. तो गेला तेव्हा लेक चालायलाही लागली नव्हती. काकू काम शोधत छापखान्यात आल्या, मालकांनी विचारलं काय येतं, तर म्हणाल्या, ‘घडी घालता येते.’ मालक हसले आणि त्यांनी ठेवून घेतलं.

काकूंना वाटलं, आपण स्वर्गात आलो. इथे गोष्टी गठ्ठ्यांनी येत होत्या. मोठ्या कागदावर सोळा पानं एकदम छापली जात, त्या कागदाला घड्या पडल्या की पानं ओळीने लागत. त्या सोळा पानांना फर्मा म्हणायचं, आणि सगळे फर्मे जुळवून शिवले की पुस्तक. अडचण एकच. छपाईच्या खोलीत ज्यांच्या प्लेट आधी तयार होत ते फर्मे आधी यायचे. त्यामुळे काकूंनी आयुष्यभर कादंबऱ्या उलट्यापालट्या वाचल्या. नायिकेचं बाळंतपण आधी आणि लग्न नंतर असं कितीदा तरी झालं, आणि दर वेळी मधल्या काळात काकूंचा जीव तिच्यासाठी टांगणीला लागायचा.

ती फ्रेंच कादंबरी मात्र शहाण्यासारखी आली. भाषांतर होतं. पहिला फर्मा पहिला, दुसरा दुसरा. काकूंना हा शुभशकुनच वाटला. डबे उघडायच्या सुट्टीत त्यांनी मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि खोलीतल्या बाया हात धुवायला विसरल्या.

गोष्ट साधी होती. एका जुन्या इमारतीत लिफ्ट चालवणारा एक माणूस. वरच्या मजल्यावर एक म्हातारी बाई. एका दुपारी तिने घंटा वाजवली. हा पेपर वाचत बसला होता. ऐकू आली, पण वाटलं, वाजू दे, एवढं वाचून होऊ दे. बाईने थोडा वेळ वाट पाहिली, जिन्याने उतरायला लागली, पाय घसरला आणि गेली. पोलीस आले, त्यांनी बाईच्या चपला पाहिल्या आणि चपलांना दोष देऊन निघून गेले. घंटा वाजली होती हे त्या माणसाशिवाय जगात कोणालाच माहीत नव्हतं. आणि घंटेचा आवाज काही भिंतीवर डाग ठेवून जात नाही.

झालं, एवढ्यावरून खोलीत दोन तट पडले. खोलीतली सगळ्यात तरुण बाई, तिला चष्मेवाली म्हणत, ती म्हणाली की त्याने केलं काय? काहीच नाही. नुसता उठला नाही. उठला नाही म्हणून कोणी खुनी होतं का? पुस्तकं शिवणारी शिवणबाई देवभोळी होती. तिचं म्हणणं, वरचा बघतो, तो सोडणार नाही. पण पुढच्याच फर्म्यात त्या माणसाने साफ सांगितलं की वर कोणी आहे यावर त्याचा विश्वास नाही. शिवणबाई हिरमुसली. काकूंना मात्र उधाण आलं.

‘अगं, पोलीस नाहीत, देव नाही, बघणारं कोणी नाही,’ त्या म्हणाल्या, ‘मग त्याला छळतंय कोण?’

हा प्रश्न खोलीभर माशीसारखा घोंगावत राहिला. छपाईवाले पाणी प्यायच्या निमित्ताने यायला लागले. मालकही दारात उभे राहून कथा कुठवर आली ते विचारून जात. आणि कटिंग मशीनवरचा गुण्या तर आपला डबा घेऊन बायकांच्या टेबलापाशीच बसायला लागला. सुतारांचा काटकोन बघायचा गुण्या असतो ना, त्यावरून त्याचं नाव पडलेलं. त्याने कापलेल्या गठ्ठ्याचा कोपरा केसभर चुकत नसे. बोलायचा कमी. घंटेच्या वादात तो एकदाच म्हणाला, ‘ऐकू आली होती ना? मग संपलं.’

तर अशा रंगात शेवटचा फर्मा छापून खाली आला. लिफ्टवाला आता त्या म्हाताऱ्या बाईच्या बहिणीकडे जायला निघाला होता. सांगणार की नाही? काकूंना त्या दिवशी जेवण गेलं नाही. छापलेले कागद गुण्याच्या मशीनशेजारी गठ्ठे बांधून ठेवलेले, पण या वेळी कागद दुप्पट मोठे, मधून कापल्याशिवाय घडी घालता येईना, आणि गुण्यापुढे औषधाच्या बाटल्यांच्या लेबलांचा डोंगर. काकू दर थोड्या वेळाने त्याच्या डोक्याशी जाऊन उभ्या.

‘लेबलं काय पळून चाललीत?’ त्या म्हणाल्या. ‘जरा हात चालव की.’

‘हात चालवायचा तर पट्टी द्या,’ गुण्या म्हणाला.

त्या मशीनला दोन बटणं होती. दोन्ही एकदम दाबली तरच चाकू खाली येई, म्हणजे दोन्ही हात बटणांवर राहावेत, चाकूखाली जाऊ नयेत. पण घाईच्या दिवसांत एका बटणात पुठ्ठ्याची घट्ट पट्टी खोचून ते दाबलेलंच ठेवत. मग एक हात गठ्ठा सरळ करायला मोकळा. काम झपाट्याने होई. हे खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं, मालकांनाही. जुनी पट्टी नरम पडली होती. काकूंनी जाड पुठ्ठ्याचा तुकडा घेतला, घडीवर घडी घातली, नखाने कडा दाबल्या आणि दिली. बटणात अशी बसली की जणू मशीनबरोबरच आली असावी. ‘वा काकू,’ गुण्या म्हणाला.

लेबलं भराभर संपली. मग त्याने फर्म्याचे कागद चढवले. काकू शेजारी उभ्या राहून सगळ्यात वरचा कागद मान तिरकी करून वाचत होत्या. कागद उलटा होता, तरी त्यांना उलटं वाचायची सवय होती. त्यांची नजर एका ओळीवर गेली आणि राहवलं नाही.

‘अरे गुण्या, बघ, बहिणीने दार उघडलं!’

गुण्या हसून त्यांच्याकडे वळला. त्याचा डावा हात गठ्ठा सरळ करत होता, आणि उजव्याला दाबायची सवय होती.

पुढचं सगळं एकदम झालं. कोणी तरी मशीन बंद केलं, कोणी टॉवेल आणला, मालक धावत आले आणि त्यांनी स्वतः गुण्याला उचलून आपल्या गाडीत घातलं. त्याची दोन बोटं गेली, करंगळी आणि तिच्या शेजारचं. काकू हातात काहीच नसताना घडी घालत उभ्या होत्या, शिवणबाईने त्यांचे हात धरले तेव्हा थांबल्या.

मालक परत आले ते थकून. मशीन पुसलं होतं, पट्टी दिसत नव्हती. त्यांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं की गुण्या बरा आहे, त्याचं लक्ष नव्हतं, घडायचं ते घडलं, कोणाचा दोष नाही. मग काकूंच्या खांद्याला हात लावून हळूच म्हणाले की तुम्ही मनाला लावून घेऊ नका. त्यात खोटेपणा नव्हता. माणूस मायाळू होता. नवरा गेल्यावर काकूंच्या घरची चूल मालकांनी दिलेल्या पगारावरच पेटली होती.

घरी लेकीला सांगितलं. लेक आता शाळेत शिकवायची, समजावण्यात वाकबगार. तिने आईला चहा करून दिला आणि पटवलं की अपघात म्हणजे अपघातच. पट्टी त्याने मागितली, पद्धत मालकांची, मशीन जुनं. काकूंना हायसं वाटलं. चहा संपेपर्यंत ते टिकलं. मग पुन्हा सुरू. म्हणतात ना, खाई त्याला खवखवे. काकू या खोलीतून त्या खोलीत येरझारा घालू लागल्या, आणि लेकीला आश्चर्य वाटलं ते याचं, की आई रडत नव्हती. तिचे डोळे वाचताना चमकायचे तसे चमकत होते. जणू कुठल्याशा गोष्टीचा धागा तिला सापडला होता आणि ती तो सोडायला तयार नव्हती.

राहिलेले कागद दुसऱ्या छापखान्यातून कापून आले. ऑर्डर होती, पुस्तक द्यायचंच होतं. काकूंनी वाचायला नकार दिला, म्हणून चष्मेवालीने वाचलं. बहिणीने दार उघडलं, लिफ्टवाल्याला आत बसवलं, कॉफी दिली. म्हणाली, माझ्या बहिणीला तुम्ही नेहमी किती जपून वर-खाली नेत होता, ती सांगायची. त्याने कॉफी संपवली, आभार मानले आणि काही न सांगता उठला. दुसऱ्या दिवशी तो लिफ्टमध्ये जाऊन बसला. घंटा वाजली. संपलं पुस्तक.

बाया खवळल्या. हा काय शेवट झाला? शिवणबाई म्हणाली, मेल्याला लाज नाही. चष्मेवाली, जी पहिल्यापासून त्याच्या बाजूची, तीच आता सगळ्यात जास्त चिडली होती. सगळ्यांनी त्या लिफ्टवाल्याला असं धारेवर धरलं, की कोणाच्या लक्षातच आलं नाही, आपण कोणत्या मशीनशेजारी बसून हे बोलतोय. बोलता बोलता ते एकेकीच्या ध्यानात आलं. आवाज उतरत गेले, आणि खोलीत फक्त कागदांची सळसळ उरली. कोणी काकूंकडे बघितलं नाही. न बघण्यात सगळ्यांची चढाओढ लागली होती.

काकू त्याच संध्याकाळी गुण्याच्या घरी गेल्या. एकच खोली, खिडकीशी पलंग, हाताला पांढरं गाठोडं. त्याची बायको चहा ठेवायला वळली. काकूंनी मनात जुळवून आणलेलं सगळं बोलून टाकलं. पट्टी माझी, हाक माझी, आणि अपघाताच्या तपासणीचे सरकारी साहेब येतील तेव्हा मी हे सांगणार आहे. गुण्या उठून बसला. मालकांनी त्याला शब्द दिला होता. लक्ष नव्हतं एवढं मान्य केलं, की छापखान्याच्या फाटकावर राखणीला बसायचं काम, जन्मभर.

‘काकू, पट्टी मी मागितली,’ तो म्हणाला. ‘तुम्ही मध्ये पडू नका. माझं बसलेलं बस्तान मोडू नका.’

बायको पाठमोरीच होती, पण तिची पाठसुद्धा तेच म्हणत होती.

परतताना काकू रस्त्याने स्वतःशी बोलत चालल्या. मालकांनी सोडलं. लेकीने सोडलं. आता तर ज्याची बोटं गेली त्यानेही सोडलं. चांगलीच गंमत होती. सगळे मिळून त्यांना माफ करून मोकळे झाले होते आणि त्यांना कोणी एका शब्दाने विचारलं नव्हतं. सांगितलं तर गुण्याचं फाटक जातं. नाही सांगितलं, तर पट्टी पुन्हा बटणात जाते, उद्या दुसऱ्या कोणाच्या हातासाठी. इकडे आड तिकडे विहीर. लेक सांगेल ते लेकीचं, शिवणबाईचा देव सांगेल ते शिवणबाईचं. पुस्तकात बघावं तर तिथे तो गडी कॉफी पिऊन घरी गेला. कुठेच उत्तर लिहिलेलं नव्हतं. आणि हे ध्यानात आल्यावर काकूंना घाबरायला हवं होतं, पण झालं उलटंच. त्यांच्या पायांना वेग आला. आयुष्यात पहिल्यांदाच अशी गोष्ट हाती आली होती, जिचं पुढचं पान कोणी छापलेलंच नव्हतं.

तपासणीचे साहेब आले. मालकांच्या खोलीत बसून एकेकीला बोलावत गेले. शिवणबाई पाठमोरी होती. चष्मेवाली खळ आणायला गेली होती. सगळ्या कशा त्या घटकेला नेमक्या दुसरीकडे बघत होत्या. काकूंची पाळी आली तेव्हा साहेब कंटाळले होते.

‘तुम्हीही काही पाहिलं नसेल,’ ते म्हणाले.

‘पाहिलं,’ काकू म्हणाल्या. ‘मी शेजारीच उभी होते.’

आणि त्यांनी सांगितलं. बटण, पट्टी, घाई, हाक. काही गाळलं नाही, रडल्याही नाहीत. मालक खुर्चीत आक्रसत गेले. साहेबांनी पेन खाली ठेवून चष्म्यावरून बघितलं.

‘बाई, तुमच्यावर कोणी आरोप केलेला नाही.’

‘म्हणूनच सांगतेय,’ काकू म्हणाल्या. ‘केला असता तर मीही चपलांवर ढकललं असतं.’

चपलांचं साहेबांना काही कळलं नाही. पण त्यांना आता कंटाळा राहिला नव्हता. त्यांनी विचारलं, ती पट्टी कुठे आहे? मालक टेबलावरचे कागद सारखे करू लागले. तेव्हा काकूंनी टेबलावरचा एका जुन्या पुस्तकाचा सुटलेला पुठ्ठा उचलला, तिथेच उभ्याने घडीवर घडी घातली, नखाने कडा दाबल्या आणि साहेबांना घेऊन त्या बाइंडिंगच्या खोलीत आल्या. मागून मालक, दारातून छपाईवाले. बाया कामं टाकून उभ्या राहिल्या. काकूंनी पट्टी बटणात खोचली. खट्ट करून बसली. मग सगळ्यांना मागे सारलं, एक हात वर धरून दाखवला आणि दुसऱ्याने उरलेलं बटण दाबलं.

चाकू रिकाम्या टेबलावर आला. त्याचा तो आवाज खोलीतल्या प्रत्येकाने वर्षानुवर्षं ऐकलेला होता, पण त्या दिवशी सगळे दचकले. चष्मेवालीने तोंडावर हात ठेवला. मग ती पुढे आली आणि साहेबांना म्हणाली की मी खळ आणायला गेले नव्हते, आणि याआधीच्या दोन पट्ट्या माझ्या हातच्या. शिवणबाई मात्र पाठमोरीच राहिली. शेवटपर्यंत.

त्यानंतर जे व्हायचं ते झालं. मशीनला सील लागलं, नवीन बटणं बसेपर्यंत काम बंद. मालकांवर खटला भरला गेला आणि कायद्याप्रमाणे गुण्याला भरपाई द्यावी लागली. पण फाटकाचं काम गेलं ते गेलंच. त्याची बायको काकूंच्या दारात आली आणि तिने काकूंना तोंडाला येईल ते ऐकवलं. लेक मध्ये पडायला निघाली, तर काकूंनी तिला हाताने थांबवलं आणि सगळं उभ्याने ऐकून घेतलं. बायको थकली, पाणी मागितलं, प्यायली आणि गेली.

मालकांनी काकूंना कामावरून काढलं. राग म्हणून नाही, असं ते म्हणाले, आणि काकूंना ते खरं वाटलं. ‘तुम्ही समोर दिसलात की मला ती पट्टी दिसते,’ मालक म्हणाले. ‘खिशात घालून मीच नेली होती.’ मग काकूंनी आपली कात्री आणि डबा उचलला.

गावातलं वाचनालय चालवणाऱ्या बाईंना फाटकी पुस्तकं नीट करणारं कोणी तरी हवंच होतं. काकूंनी घरातल्या टेबलावर दुकान मांडलं. खळीचा डबा, सुया, दोरा, आणि खिळखिळी झालेली पुस्तकं, जी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सरळ वाचता येत होती. हे सुख नवीनच होतं.

एका सकाळी गुण्या आला. हातावरचं गाठोडं निघालं होतं. बस म्हटलं तरी बसेना.

‘काकू, खरं सांगू?’ तो म्हणाला. ‘बोटं तुमच्यामुळे गेली असं मला वाटत नव्हतं. तुम्ही साहेबांपुढे बोललात, तेव्हापासून वाटायला लागलं.’

काकूंनी सुई खाली ठेवली. आपण हेच ऐकायची वाट बघत होतो, हे त्यांना त्या घडीला उमगलं. मालकांची माफी, लेकीची समजूत, त्यातलं काहीच आत उतरलं नव्हतं. हे वाक्य सरळ आत उतरलं आणि जागेवर बसलं. दुखलं चांगलंच, पण त्यांची पाठ ताठ झाली.

‘बरोबर वाटतंय तुला,’ त्या म्हणाल्या.

गुण्याने मान हलवली. मग इकडे तिकडे बघितलं. टेबलावरचा फर्म्यांचा गठ्ठा वाकडा रचलेला होता, ते त्याला बघवेना. त्याने तो उचलला, टेबलावर ठोकून कडा सारख्या केल्या. डाव्या हातात तीन बोटं, गठ्ठा निसटायला बघत होता. त्याने पुन्हा ठोकला. मग म्हणाला की शिवायला शिकवाल का, कापायचं काही आता मला जमणार नाही.

तो रोज यायला लागला. पहिलं पुस्तक त्याने असं शिवलं की ते उघडल्यावर आपोआप मिटायचं. काकूंनी दोरा उसवला. दुसऱ्याची पानं मागेपुढे झाली. तो चिडून निघून गेला, आणि दुसऱ्या दिवशी दारात काकूंच्याही आधी हजर. शिवताना दोघं भांडत. कधी तो सुई थांबवून हाताकडे बघे, तेव्हा काकू मान खाली घालत नसत, त्याही त्या हाताकडे बघत.

पावसाळा संपता संपता एक जाडजूड शब्दकोश आला, कणा पार तुटलेला. गुण्याने तो एकट्याने घेतला. तीन बोटांनी फर्मे धरायची त्याची स्वतःची एक तऱ्हा आता बसली होती, अंगठा खालून आणि दोन बोटं वरून, चिमट्यासारखी. काकूंनी मुद्दाम खिडकीकडे तोंड करून आपलं काम चालवलं. शेवटची गाठ मारून त्याने शब्दकोश टेबलावर ठेवला आणि मधोमध उघडला. तो सपाट उघडा राहिला. कोपरे काटकोनात. त्याने तो मिटला, पुन्हा उघडला, पुन्हा मिटला, मग कागदात गुंडाळून काखेत मारला आणि वाचनालयाकडे जवळजवळ धावतच निघाला. चपला घालायच्या राहिल्या, हे काकूंनी खिडकीतून ओरडून सांगितलं तेव्हा तो कोपऱ्यावरून वळलासुद्धा होता.